‘फेअर’ लिहिलं आणि वेण्या पिवळ्या झाल्या: फिकट केसांचे आणि सोनेरी छटांचे इंग्रजी शब्द वापरायचे कसे

काही वर्षांपूर्वी मी मुलांच्या एका गोष्टीचं इंग्रजी भाषांतर केलं. गोष्ट कोकणातली, नायिका सात-आठ वर्षांची. मूळ मराठीत एवढंच होतं: ‘गोरीपान, घाऱ्या डोळ्यांची पोर’. मी ‘अ फेअर गर्ल विथ लाइट आइज’ असं लिहून मोकळा झालो. चित्रं काढणारी बाई इंग्लंडमधली. तिचं पहिलं रेखाटन आलं. मागे माड, पुढे विहिरीचा रहाट, रहाटापाशी परकर-पोलक्यातली मुलगी आणि तिच्या पाठीवर दोन लांब वेण्या, पिकल्या गव्हाच्या रंगाच्या.

दोष त्या बाईंचा नव्हता. त्यांच्या इंग्रजीत ‘फेअर गर्ल’ म्हटलं की डोळ्यांपुढे आधी केस येतात. माझ्या इंग्रजीत कातडी आली होती. शब्द एक, स्पेलिंग एक, आणि मधे अख्खा समुद्र.

आपल्याकडे रंगांची इंग्रजी नावं पहिलीतच पाठ होतात, आणि तिथेच तो विषय संपतो. फिकट केसांच्या शब्दांना मात्र ते गणित लागू पडत नाही. हे शब्द रंगाला चिकटलेले नसतात. ते कशाचा रंग, कोणाचा रंग आणि कोण वाचणार याला चिकटलेले असतात. म्हणून छटा सगळ्यात शेवटी निवडायची. खाली ज्या क्रमाने सांगतोय त्याच क्रमाने प्रश्न विचारत गेलात, तर ईमेल असो, भाषांतर असो, दुकानाची जाहिरात असो की परदेशातल्या सुनेचं वर्णन, फजिती टळेल.

पहिली पायरी: केस की कातडी, हे आधी ठरवा

‘फेअर’चा मूळ अर्थ सुंदर. पुढे उजळपणा आणि सौंदर्य यांची तिकडेही गाठ मारली गेली, आणि शब्द रंगाकडे सरकला. ब्रिटिश बोलण्यात आजही ‘ही इज फेअर’ म्हणजे त्याचे केस फिकट आहेत. कातडीही उजळ असेल, पण मुद्दा केसांचा. भारतीय इंग्रजीत केसांचा अर्थ जवळजवळ गळूनच गेला. लग्नाच्या जाहिरातींनी ‘फेअर’ म्हणजे गोरी, एवढंच शिल्लक ठेवलं. गोरेपणाच्या त्या प्रसिद्ध क्रीमच्या नावातूनही २०२० साली हा शब्द काढून तिथे ‘ग्लो’ घातला गेला, पण आपल्या डोक्यातून तो गेलेला नाही.

उपाय सोपा आहे. ‘फेअर’ला एकटं सोडायचं नाही. केस सांगायचे तर ‘फेअर हेअर’ किंवा ‘फेअर-हेअर्ड’, कातडी सांगायची तर ‘फेअर स्किन’ किंवा ‘फेअर-स्किन्ड’. वाचक अमेरिकन असेल तर केसांसाठी ‘फेअर’ न वापरलेलंच बरं. तिथे ‘ब्लॉन्ड’ (म्हणजे फिकट, पिवळसर केसांचा रंग) किंवा ‘लाइट ब्राउन’ जास्त सरळ पडतं. शिवाय अमेरिकेत ‘फेअर-हेअर्ड बॉय’ म्हणजे साहेबांचा लाडका. त्याच लाडक्याला ब्रिटनमध्ये ‘ब्लू-आइड बॉय’ म्हणतात. ऑफिसातल्या सहकाऱ्याचं भोळेपणाने वर्णन करायला जाल आणि तो वशिल्याचा ठरेल.

‘व्हीटिश’ हा आपला दुसरा घोळ. गव्हाळ या मराठी शब्दाला काय सुरेख वजन आहे! पण ‘व्हीटिश कॉम्प्लेक्शन’ हे फक्त भारतीय उपखंडाचं इंग्रजी. बाहेरच्या वाचकाला गहू म्हटलं की उभं पिकलेलं शेत दिसतं, म्हणजे फिकट सोनेरी. आणि तो रंग तो केसांना लावतो. गव्हाळ वर्ण सांगायचा असेल तर ‘लाइट ब्राउन स्किन’ म्हणा. आणि खरं सांगू का, निम्म्या वेळा तो सांगायची गरजच नसते. परक्या वाचकाला माणसाच्या रंगावरून केलेली सुरुवात खटकते. आपल्याला खटकत नाही, हाच काळजीचा मुद्दा.

फिकट केस म्हणजे गोरी कातडी, हेही गृहीत धरू नका. प्रशांत महासागरातल्या सॉलोमन बेटांवर पाच ते दहा टक्के लोकांचे केस जन्मतः ब्लॉन्ड असतात आणि त्यांची कातडी गडद सावळी असते. त्यामागचा जनुकीय बदल २०१२ साली संशोधकांनी प्रसिद्ध केला, आणि तो युरोपातल्या ब्लॉन्ड केसांमागच्या कारणाहून वेगळा निघाला. तेव्हा ‘ब्लॉन्ड’ लिहिलंत म्हणजे कातडीचंही आपोआप सांगून झालं, असं होत नाही.

याच पायरीवर एक नेहमीची चूक निस्तरून टाकू. मराठीत म्हातारपणी केस ‘पांढरे’ होतात. इंग्रजीत ते ‘ग्रे’ होतात. ‘माय फादर हॅज व्हाइट हेअर’ म्हटलंत तर ऐकणाऱ्याला कापसासारखं पूर्ण पांढरं डोकं दिसेल. काळ्यात पांढरे मिसळलेले असतील तर ‘ग्रेइंग’ म्हणा, किंवा ‘सॉल्ट अँड पेपर’. ‘लाइट हेअर’चंही तसंच. त्याचा अर्थ फिकट रंगाचे केस. आपण ‘केस हलके झालेत’ म्हणतो ते विरळ या अर्थाने. त्याला ‘थिन’ किंवा ‘थिनिंग’ हा शब्द आहे.

दुसरी पायरी: शेवटी ‘ई’ लावायचा की नाही

ब्लॉन्ड या शब्दाची दोन स्पेलिंगं आहेत. एक ‘डी’वर संपतं, दुसऱ्याला पुढे ‘ई’ लागतो. उच्चार दोन्हींचा एकच, ब्लॉन्ड. ‘ब्लॉन्डे’ कोणी म्हणत नाही, निदान म्हणू नये.

शब्द फ्रेंचमधून आला आणि येताना लिंग घेऊन आला. पुरुष असेल तर ‘ई’शिवाय, स्त्री असेल तर ‘ई’सह. इंग्रजी विशेषणांना लिंग नसतं, त्यामुळे इंग्रजांची यात अजून गडबड होते. आपल्याला हे कळायला हवं सहज: काळा घोडा, काळी गाय, काळं मांजर. ‘ब्रुनेट’चंही असंच आहे. गडद तपकिरी केसांच्या स्त्रीला ‘ब्रुनेट’ म्हणतात तेव्हा शेवटी दोन ‘टी’ आणि ‘ई’. पुरुषाचं रूप एका ‘टी’वर संपतं आणि ते क्वचितच दिसतं.

पण इथे एक गंमत आहे, आणि ती मराठी माणसाला इंग्रजाआधी उमगेल. आपण ‘तिचे केस काळे आहेत’ म्हणतो. विशेषण केसांच्या लिंगाने चालतं, बाईच्या नाही. फ्रेंचमध्येही तसंच. केस हा शब्द तिथे पुल्लिंगी, त्यामुळे बाईचे केस असले तरी विशेषण पुल्लिंगीच लागतं. म्हणजे ‘ती ब्लॉन्ड आहे’ यात ‘ई’ हवा, पण ‘तिचे केस ब्लॉन्ड आहेत’ यात नको. ब्रिटनच्या ‘गार्डियन’ दैनिकाच्या लेखनसूचीत, म्हणजे शब्द कसे लिहायचे याच्या नियमावलीत, बराचसा हाच भेद पाळला आहे: विशेषण सरसकट ‘ई’शिवाय, बाईचा उल्लेख नाम म्हणून आला तरच ‘ई’. बाकी ब्रिटनमध्ये मात्र बाईच्या केसांनाही ‘ई’ लावलेला सर्रास दिसतो. सलूनच्या पाट्या, केसांच्या रंगाचे डबे, मासिकं, सगळीकडे ‘ई’च.

अमेरिकेत गाडी दुसऱ्या दिशेने गेली. ‘ई’शिवायचं रूप सगळ्यांसाठी, स्त्री असो की पुरुष. असोसिएटेड प्रेस ही वृत्तसंस्था पूर्वी बाईसाठी वेगळं नाम मान्य करायची. आता तिच्या सूचीत विशेषण सगळीकडे ‘ई’शिवाय आहे आणि नाम म्हणून शब्द शक्यतो वापरूच नका, असं सांगितलं आहे.

मग तुम्ही काय करायचं? ‘ई’शिवायचं रूप विशेषण म्हणून सगळीकडे वापरा. ते अमेरिकेत बरोबर, ब्रिटनमध्येही चूक नाही. ‘ई’ ठेवा तो दोनच ठिकाणी: ब्रिटिश प्रकाशकाने त्याच्या सूचीत तसं मागितलं असेल तर, आणि एखाद्या उत्पादनाच्या छापील नावात तो असेल तर. डब्यावर ‘ऍश ब्लॉन्ड’ला ‘ई’ लावलेला असताना तुम्ही तो खोडून शहाणपणा करू नका. नाव ते नाव. आणि पुरुषाला ‘ई’ कधीच लावू नका. एकाच लेखात दोन्ही स्पेलिंगं मिसळणं सगळ्यात वाईट. संगणकाचा स्पेलचेकर ही चूक पकडत नाही, कारण दोन्ही शब्द त्याच्या कोशात आहेत. शेवटी एकदा शोध लावून हाताने तपासावंच लागतं.

तिसरी पायरी: वाक्याची हाडं सरळ करा

मराठीत केस अनेकवचनी. इंग्रजीत डोक्यावरचे सगळे मिळून ‘हेअर’, एकवचनी. ‘हर हेअर इज ब्लॉन्ड’. ‘हेअर्स आर’ नाही. ‘अ ब्लॉन्ड हेअर’ म्हटलंत तर तो एकच केस झाला. कोटावर सापडलेला. त्यावरून घरात काय होतं ते वेगळं सांगायला नको.

दुसरं म्हणजे ‘कलर’ हा शब्द गाळा. ‘गोल्डन कलर हेअर’, ‘ब्लॉन्ड कलरचे हेअर’ हे आपलं खास. ब्लॉन्ड हा रंगच आहे, त्याला वर रंग कशाला? आपण ‘काळ्या रंगाचे केस’ लिहितो ते मराठीत खपतं, इंग्रजीत ते दुकानदाराच्या यादीसारखं वाटतं.

शब्दांचा क्रमही ठरलेला आहे. लांबी, मग सरळ की कुरळे, मग रंग: ‘लाँग स्ट्रेट ब्लॉन्ड हेअर’. रंग केसांना खेटून बसतो. ‘ब्लॉन्ड लाँग हेअर’ कानाला लगेच खुपतं.

आणि नाम. ‘अ ब्लॉन्ड’ म्हणजे ब्लॉन्ड केसांची बाई. असं म्हटलं की अख्खी बाई तिच्या केसांत कोंबली जाते. त्यात ‘डम्ब ब्लॉन्ड’ हा चेष्टेचा साचा इंग्रजीत इतका मुरलेला आहे, की वेंधळेपणा झाला की लोक स्वतःबद्दलही ‘ब्लॉन्ड मोमेंट’ म्हणतात. आपण परक्या भाषेत लिहिताना त्या वाटेला जाऊ नये. ‘अ वुमन विथ ब्लॉन्ड हेअर’ लिहा. तीन शब्द जास्त लागतात, लागू द्या. ‘पेरॉक्साइड ब्लॉन्ड’ आणि ‘बॉटल ब्लॉन्ड’ या शब्दांतही टोमणा आहे, केस बाटलीतून आलेत असा. ते मैत्रिणीने स्वतःबद्दल म्हणावेत, आपण तिच्याबद्दल नाही.

चौथी पायरी: आता छटा

इथवर आलात तर आता मजा आहे.

सगळ्यात फिकट टोकाला ‘प्लॅटिनम’. जवळजवळ पांढरे, चांदीची झाक असलेले. हा शब्द घराघरांत गेला तो हॉलिवूडची नटी जीन हार्लो हिच्यामुळे. १९३१ साली ‘प्लॅटिनम ब्लॉन्ड’ नावाचा तिचा चित्रपट आला होता. प्लॅटिनम केस बहुधा केलेले असतात, उगवलेले नाहीत. त्यामुळे खेड्यातल्या आजीच्या केसांना प्लॅटिनम म्हणू नका, तिचे ग्रे किंवा व्हाइट.

लहान मुलांचे निसर्गतः पांढुरके केस असतील तर त्या मुलाला ‘टो-हेड’ किंवा ‘टो-हेडेड’ म्हणतात. ‘टो’ म्हटलं की पुणेकराला उचलून नेलेली दुचाकी आठवते; स्पेलिंगही तेच. पण हा टो वेगळा. तो समजून घ्यायला ‘फ्लॅक्सन’कडे यावं लागतं, आणि फ्लॅक्सन हा या सगळ्या कुटुंबातला माझा आवडता शब्द.

फ्लॅक्स म्हणजे जवस. आपली अळशी. विदर्भात, मराठवाड्यात निळ्या फुलांची शेतं असतात ती. आपण तिचं तेल काढतो, चटणी करतो, भाकरीबरोबर खातो, आणि तिच्या काडीकडे कोणी पाहत नाही. युरोपने त्याच जातीच्या झाडाची काडी हेरली. काड्या उपटून पाण्यात किंवा दवात कुजवायच्या, वाळवून मोडायच्या, झोडपायच्या आणि खिळ्यांच्या फणीतून ओढायच्या. फणीतून जे लांब धागे निघतात त्यांचं लिनन होतं. मी एकदा हातमागाच्या प्रदर्शनात अशी विंचरलेली जुडी हातात घेतली होती. मनगटाएवढी जाड, मधे पीळ दिलेली, थंडगार, आणि रंग असा की पिवळा म्हणावा तर त्यात राखाडी आणि राखाडी म्हणावा तर उजेडात धरल्यावर चमक. दुरून पाहिलं तर कापून ठेवलेली वेणीच. ‘फ्लॅक्सन हेअर’ म्हणजे तो रंग. आणि फणीत अडकून राहिलेले आखूड, तुटके, विस्कटलेले तंतू म्हणजे टो. पोरांचे फिकट केस नेहमी पिंजारलेले असतात. शब्द कुठून सुचला असेल ते सांगायला नको. आपल्याकडे घायपाताचा वाख ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे चित्र परकं वाटणार नाही.

फ्लॅक्सन वापरायचा तो गोष्टीत, कवितेत. पासपोर्टच्या वर्णनात किंवा हरवलेल्या माणसाच्या सूचनेत तो हास्यास्पद दिसेल. घोड्याच्या आयाळीला मात्र तो रोजच्या बोलण्यातही चालतो, तिथे तो तांत्रिक शब्द आहे.

‘गोल्डन’ म्हणजे उबदार, पिवळसर, चमकदार. तोही जरा गोष्टीतलाच. आपण ब्लॉन्डचं भाषांतर ‘सोनेरी’ करतो आणि उलट जाताना सगळ्या सोनेरीचं ‘गोल्डन’ करतो. त्यामुळे आपल्या इंग्रजीत परदेशी माणसं परीकथेतून उतरल्यासारखी दिसतात. रोजच्या माणसाचे केस ‘ब्लॉन्ड’. ‘यलो हेअर’ बाहुलीचे, किंवा पोरांनी खडूने रंगवलेल्या चित्रातले.

‘सँडी’ म्हणजे वाळूसारखे, पिवळसर तपकिरी, थोडे निस्तेज. हा बहुतेक वेळा पुरुषांच्या आणि मुलांच्या वाट्याला येतो. ‘स्ट्रॉबेरी ब्लॉन्ड’ ऐकून महाबळेश्वरची लालभडक स्ट्रॉबेरी डोळ्यांपुढे आणू नका. ब्लॉन्डमध्ये तांबूस झाक, एवढंच. अमेरिकन पोलिसांच्या राष्ट्रीय नोंदप्रणालीत ब्लॉन्ड आणि स्ट्रॉबेरी यांना एकच खूण आहे, सँडीला मात्र वेगळी. पोलिसांना कुठला फरक लांबून दिसतो ते यावरून कळतं.

‘डर्टी ब्लॉन्ड’ हा अमेरिकन शब्द. त्यात मळ नाही. गडद, तपकिरीकडे झुकलेला ब्लॉन्ड, एवढाच अर्थ. तिथली माणसं स्वतःबद्दल तो सहज वापरतात. ‘डिशवॉटर’ म्हणजे भांडी घासलेल्या पाण्याचा रंग, तो जरा कुत्सित. ब्रिटनमध्ये त्याच्या आसपासच्या निस्तेज केसांना ‘माउसी’ म्हणतात, उंदराच्या रंगाचे. हे दोन्ही दुसऱ्याच्या तोंडावर वापरू नका.

जुनं इंग्रजी वाचत असाल तर ‘ऑबर्न’पाशी थबका. आज ऑबर्न म्हणजे तांबूस तपकिरी. पण शब्दाचं मूळ पांढुरकं या अर्थाच्या लॅटिन शब्दात आहे, आणि सुरुवातीला तो पिवळसर पांढऱ्यासाठीच होता. ‘ब्राउन’शी आवाज जुळला म्हणून हळूहळू अर्थच घसरत गेला. खूप जुन्या मजकुरातली ऑबर्न केसांची नायिका कदाचित ब्लॉन्ड असेल.

पाचवी पायरी: डब्यावरचे आकडे वाचा

केस रंगवायच्या डब्यावर इंग्रजी शब्दांपेक्षा आकडा जास्त खरं बोलतो. जगभर साधारण एकच शिडी चालते: १ म्हणजे काळा, १० म्हणजे सगळ्यात फिकट ब्लॉन्ड. मधे ३ गडद तपकिरी, ५ फिकट तपकिरी, आणि ६ ला नाव आहे ‘डार्क ब्लॉन्ड’. इथे आपली पंचाईत होते. डार्क ब्लॉन्डचा नमुना आपल्या डोळ्याला सरळ तपकिरी दिसतो, कारण आपली नजर १ ते ३ मध्ये वाढलेली. ब्लॉन्ड कुठे सुरू होतो हे सगळीकडे सारखं नाही. फिनलंडमध्ये ज्याला तपकिरी म्हणतील त्याला आपल्या चाळीत ‘गोरी मेम’ म्हणतील.

टिंबानंतरचा आकडा झाक सांगतो. बऱ्याच कंपन्यांत .१ म्हणजे ऍश, .३ म्हणजे गोल्ड, .४ म्हणजे कॉपर. तेव्हा ७.३ म्हणजे सोनेरी झाकेचा मध्यम ब्लॉन्ड, आणि ७.१ म्हणजे तोच राखाडी झाकेचा. कंपनी बदलली की टिंबानंतरचं थोडं बदलतं, तेव्हा तक्ता मागून बघा. आणि डब्यावरच्या बाईचे केस पाहून नाही, आकडा पाहून बोला. काळ्या केसांवर ७ नंबर नुसता लावून ७ येत नाही, आधी ब्लीच करावं लागतं.

ब्लीच करताना काळे केस आधी लाल, मग केशरी, मग पिवळे होत जातात. कारागीर शेवटच्या टप्प्याला केळीच्या सालीच्या आतल्या बाजूसारखा पिवळा म्हणतात; याहून नेमकं वर्णन मी ऐकलेलं नाही. मधेच थांबलं तर उरतो तो पितळी पिवळा, त्याला इंग्रजीत ‘ब्रासी’. परदेशात सलूनमध्ये हा एक शब्द आला तरी पुरे. ‘इट्स टू ब्रासी’ म्हणालात की समोरचा झाक सुधारणाऱ्या टोनरची बाटली काढतो किंवा जांभळा शॅम्पू सुचवतो, कारण जांभळा पिवळ्याला मारतो. ‘यलो’ म्हणालात तर तो विचारात पडेल, तुम्हाला पिवळे हवेत की नकोत?

ब्लॉन्डमधला ऍश म्हणजे राख. फर्निचरच्या यादीतला ऍश म्हणजे झाड. हे ध्यानात असू द्या, पुढच्याच पायरीवर उपयोगी पडेल.

सहावी पायरी: केसांच्या बाहेर

ब्लॉन्ड हा शब्द केसांबाहेर मोजक्याच वस्तूंना लागतो. फिकट लाकडाला ‘ब्लॉन्ड वुड’ म्हणतात: बीच, बर्च, मेपल, ऍश. हलक्या भाजलेल्या कॉफीला, फिकट बिअरला, कोको नसलेल्या ब्राउनीला. पण ब्लॉन्ड साडी नाही, ब्लॉन्ड भिंत नाही, ब्लॉन्ड गाडी नाही. कुत्र्यांतही लॅब्रॅडॉर ‘यलो’ असतो आणि रिट्रीव्हर ‘गोल्डन’. तिथे नावं ठरून गेली आहेत, आपण बदलायची नाहीत.

मग पैठणीच्या काठाचं काय? जरीला ‘गोल्ड’. धातूची चमक असेल तिथे ‘गोल्ड’, उजेडासारखी ऊब असेल तिथे ‘गोल्डन’. जरीचे काठ ‘गोल्ड बॉर्डर’; उन्हातलं गवत, तळलेला बटाटेवडा ‘गोल्डन’. वडा ‘गोल्ड’ झाला तर दात पडतील.

कापडाच्या दुकानात आपली स्वतःची एक भाषा आहे: बिस्किट कलर, चिकू कलर, बदामी, मोतिया, हाफ-व्हाइट. दादर काय आणि लक्ष्मी रोड काय, काउंटरवर ती उत्तम चालते. बाहेरच्या गिऱ्हाइकाला लिहिताना हाफ-व्हाइटचं ‘ऑफ-व्हाइट’ करा. बिस्किटचं ‘बेझ’, कारण अमेरिकेत बिस्किट म्हणजे वेगळाच मऊ पाव. स्पेलिंग पाहून ‘बेज’ म्हणू नका, शेवटचा आवाज ‘टेलिव्हिजन’मधल्या ‘झ’सारखा मऊ. चिकूचं ‘लाइट ब्राउन’ किंवा ‘फॉन’. कोरं, न रंगवलेलं, न विरंजलेलं कापड असेल तर ‘एक्रू’. फ्रेंचमध्ये त्याचा अर्थच कच्चं.

एक शब्द मात्र आता टाकूनच द्या: ‘स्किन कलर’. कोणाची स्किन? क्रेयोला कंपनीने आपल्या खडूंतल्या ‘फ्लेश’ रंगाचं नाव बदलून ‘पीच’ केलं ते १९६२ साली. आपल्या दुकानांत मोजे आणि अस्तर अजून ‘स्किन’च मागितलं जातं, आणि गंमत म्हणजे तो रंग मागणाऱ्या बाईच्या कातडीशी कधीच जुळत नाही.

‘कॉर्न’ही फसवतो. आपल्याला कॉर्न म्हणजे मक्याचं कणीस. ब्रिटिश लिखाणात, विशेषतः जुन्या, कॉर्न म्हणजे धान्याचं पीक, बहुधा गहू. कोणाचे केस कॉर्नसारखे असतील तर दाण्यांचा पिवळाधमक रंग नव्हे, पिकल्या शेताचा समजा.

वेबसाइट करणाऱ्यांसाठी वेगळी सूचना. ब्राउझरला कळणारी रंगांची जी ठरावीक इंग्रजी नावं आहेत, ती अर्थाने घेऊ नका, आकड्याने घ्या. तिथला ‘व्हीट’ म्हणजे लाल २४५, हिरवा २२२, निळा १७९, बऱ्यापैकी खरा. पण तिथला ‘खाकी’ २४०, २३०, १४० असा आहे, म्हणजे फिकट लिंबोणी. हवालदाराच्या गणवेशाशी त्याचा काही संबंध नाही. आणि ‘गोल्डनरॉड’ म्हणजे सोन्याची काठी नव्हे, पिवळ्या तुऱ्यांचं ते एक रानटी झाड आहे.

उलटी पायरी: इंग्रजीतून मराठीत

इथे मी थोडा हट्टी आहे. प्रत्येक ब्लॉन्डला ‘सोनेरी केसांची’ करणं म्हणजे कंटाळा. मराठीकडे शब्द आहेत. सँडी, डर्टी ब्लॉन्ड यांना ‘पिंगट’ किंवा ‘भुरे’ छान बसतात. फ्लॅक्सनला ‘जवसाच्या धाग्यासारखे’ लिहून बघितलं, पण वाचकाला धागा माहीत नाही. ‘वाखासारखे’ लिहिलं तर रंग पोचतो पण केस राठ होतात. त्यापेक्षा ‘फिकट सोनेरी’वर थांबलो. खऱ्या गोल्डनला ‘सोनसळी’, पण एका पुस्तकात एकदाच. एखाद्या बाईचा उजळ, पिवळसर वर्ण असेल तर ‘केतकी’ आहे, पण तो शब्द कातडीचा, केसांना चिकटवू नका. आणि रोजच्या संवादात, विशेषतः आजच्या पात्रांच्या तोंडी, सरळ ‘ब्लॉन्ड’ ठेवा. पंचवीस वर्षांची मुलगी सलूनमधून येऊन ‘मी केस पिंगट केले’ म्हणणार नाही.

आता एक वाक्य सगळ्या पायऱ्यांवरून उतरवून बघू. आपल्याकडचा एक होतकरू लेखक लिहितो: ‘शी इज हॅविंग फेअर गोल्डन कलर लाँग हेअर्स’. कशाबद्दल? केसांबद्दल, म्हणून ‘फेअर’ गेला. ‘कलर’ गेला. ‘हेअर्स’चं ‘हेअर’ झालं, ‘इज हॅविंग’चं ‘हॅज’. लांबी रंगाआधी आली. पात्र ऑस्ट्रेलियातली नर्स आहे, परी नाही. म्हणून गोल्डनच्या जागी ब्लॉन्ड, ‘ई’शिवाय. उरलं ‘शी हॅज लाँग ब्लॉन्ड हेअर’. पाच शब्द.

आणि माझी कोकणातली पोर? गोरीपान मी काढूनच टाकलं, गोष्टीत त्याचं काही काम नव्हतं. घाऱ्या डोळ्यांना ‘हेझल’ केलं. आणि मूळ मराठीत नसलेली एक गोष्ट मुद्दाम घातली: ‘टू ब्लॅक प्लॅट्स’. मराठी लेखकाला केस काळे आहेत हे सांगायची गरज कधी पडली असती? दुसरं रेखाटन आलं, वेण्या काळ्या झाल्या होत्या. पहिल्या चित्रातला तो पिकल्या गव्हाचा रंग बाईंनी वाया मात्र घालवला नव्हता; रहाटाच्या दोराला दिला होता. दोर काथ्याचा, तिथे तो बरा दिसत होता.